दीपमाळेचा केक: ७५ सेंटिमीटर उंची सरळ उभी ठेवण्याच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

वाईजवळच्या एका कुटुंबाकडून आजोबांच्या अमृतमहोत्सवाचा केक करण्याचे काम आज पक्के झाले. आजोबा तरुणपणापासून गावातल्या देवळापुढची दगडी दीपमाळ त्रिपुरारी पौर्णिमेला पेटवत आले आहेत आणि यंदा समारंभही त्याच दिवशी, म्हणजे १५ नोव्हेंबरला, ठेवला आहे. त्यामुळे केक दीपमाळेच्याच आकाराचा हवा, पूर्णपणे शाकाहारी हवा आणि पंचाहत्तरीला साजेसा ७५ सेंटिमीटर उंच हवा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. सुमारे दीडशे पाहुणे अपेक्षित आहेत. केक पुण्यात तयार करून सुमारे ९० किलोमीटर दूर, खंबाटकी घाट ओलांडून न्यायचा आहे आणि या कामातील खरी अडचण तीच आहे.

आकाराचा अभ्यास जेजुरीच्या पायऱ्यांवरील दीपमाळांच्या माझ्याकडील छायाचित्रांवरून केला. खाली रुंद चौथरा, त्यावर वर निमुळता होत जाणारा गोल खांब, खांबातून ठरावीक अंतराने बाहेर आलेले दिवे ठेवण्याचे दगडी हात आणि शेंड्यावर छोटेसे शिखर, अशी तिची घडण असते. वजन खाली ठेवून वर हलके होत जाणे हे या वास्तूत मुळातच आहे, त्यामुळे केकसाठी ही घडण अनुकूल आहे. मापे अशी ठरवली: चौथरा २८ सेंटिमीटर चौरस आणि १० सेंटिमीटर उंच, त्यावर ४५ सेंटिमीटरचा खांब, बुडाशी २० आणि वर ११ सेंटिमीटर व्यासाचा, सर्वांत वरचे २० सेंटिमीटर शिखराचे.

१७ ऑक्टोबर

आज फक्त वजनाचा हिशेब केला. चौथऱ्याचे घनफळ सुमारे ७,८०० घनसेंटिमीटर आणि खांबाचे सुमारे ८,७०० येते. घट्ट पोताचा चॉकलेट केक आणि मधले गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण) मिळून एका घनसेंटिमीटरला साधारण ०.६५ ग्रॅम धरले, तर चौथरा ५ किलोच्या आसपास आणि खांब साडेपाच-पावणेसहा किलोचा होतो. बाहेरचे गनाश आणि फॉन्डंट (लाटून केकवर चढवायचे साखरेचे आवरण) यांचे तीन किलो आणि खालच्या प्लायवूडचे दोनेक किलो धरता एकूण वजन सोळा किलोच्या घरात जाते.

गुरुत्वमध्य काढला तो प्लायवूडच्या पाटापासून जेमतेम २० सेंटिमीटर उंचीवर येतो. पाट ४५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे केक अखंड दगडासारखा घट्ट असता तर ४५ अंशांहून अधिक कलल्याशिवाय तो उलटला नसता. उंच केक म्हटले की लोकांना तो आडवा पडण्याची भीती वाटते, पण हिशेब सांगतो की केक उलटत नाही, तो आतून सरकतो किंवा खचतो. वरच्या थरांच्या वजनाने खालचा थर दबून फुगतो, एका बाजूने जास्त दबला की वरचे सगळे त्या बाजूला झुकते आणि झुकल्यावर त्या बाजूवरचा दाब आणखी वाढतो. दुसरीकडे, गाडीने ब्रेक लावला की थर एकमेकांवरून घसरतात. खचणे आणि घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळे उपाय लागतात. उभे वजन टेकूंनी, म्हणजे केकमध्ये उभ्या खोचलेल्या आधारांनी, पेलायचे, आडवा जोर मधल्या रॉडने पेलायचा आणि केकने यांपैकी कोणतेही काम करायचे नाही, या सूत्रावर पुढचा सगळा सांगाडा बेतणार आहे.

टेकू घट्ट बसवले की केक हलणार नाही, असा समज बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो अपुरा आहे. टेकू फक्त केकमध्ये खोचलेले असतात, त्यांची टोके कशालाही जखडलेली नसतात. आडवा धक्का बसला की सगळे टेकू एकाच दिशेने एकदम कलतात, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो आणि वरचा मजला तसाच सपाट राहून बाजूला जातो. टेकूंची संख्या दुप्पट केली तरी हे थांबत नाही.

२१ ऑक्टोबर

रविवार पेठेतील बोहरी आळीतून १० आणि १२ मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टीलचे आटे पाडलेले रॉड, नट आणि रुंद वॉशर आणले. दोन्ही रॉड प्लायवूडच्या तुकड्यावर उभे करून शेंड्याला बोटाने सारखाच जोर दिला. १० मिलिमीटरचा रॉड डोळ्यांना दिसेल इतका डोलला आणि सोडल्यावर काही क्षण थरथरत राहिला, तर १२ मिलिमीटरचा त्या मानाने बराच ताठ राहिला. रॉडची ताठरता जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे दोन मिलिमीटरच्या फरकाने ती दुपटीच्या आसपास जाते. हा रॉड मोडण्याचा प्रश्न कुठेच नव्हता, पण तो थरथरला तर आतला केक भोकाभोवती झिजत जातो आणि भोक मोठे झाले की रॉड असूनही काही उपयोग उरत नाही. १२ मिलिमीटरचा रॉड नक्की केला.

पाट १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा घेतला. आमच्या नेहमीच्या सुतारकाकांनी मधोमध भोक पाडून खालच्या बाजूने नट आणि वॉशर आत बसतील एवढी खाच कोरून दिली आणि चार कोपऱ्यांना रबरी पाय लावले, जेणेकरून पाट उचलताना बोटे खाली जातील. "ताई, रॉड खालूनच आवळून भागणार नाही, पाटाच्या वरूनही वॉशर घालून नट कसा, नाहीतर भोकातच डुलत राहील," असे त्यांनी सांगितले आणि ते अगदी खरे आहे. दोन्ही बाजूंनी १९ नंबरच्या पान्याने नट आवळल्यावर त्यांनी गुण्या लावून रॉड काटकोनात आहे की नाही हे दोन दिशांनी तपासले. ही तपासणी केक चढवण्यापूर्वीच करायची असते, कारण रॉड तिरका असेल तर नंतर कितीही गनाश लावून खांब सरळ दाखवता येत नाही.

रॉडच्या आट्यांमध्ये केकचा चुरा अडकू नये आणि धातू खाण्याच्या पदार्थाला लागू नये म्हणून त्यावर फूड-ग्रेड सिलिकॉनची नळी चढवली. नळीचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर आहे. मजल्यांच्या तबकड्या ४ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकच्या, लेझरने कापून घेतल्या आणि त्यांची भोके नळीला अंगाबरोबर बसतील अशी ठेवली. तबकडी ज्या उंचीवर येते तिथल्या खांबाच्या व्यासापेक्षा ती थोडी लहान, म्हणजे १९, १७, साडेचौदा, साडेबारा आणि १० सेंटिमीटरची घेतली. पाऊण ते एक सेंटिमीटरचा हा फरक गनाशसाठी आवश्यक आहे; तबकडीची कड बाहेर डोकावली तर तिथेच फॉन्डंटला चीर जाते.

२४ ऑक्टोबर

आज केकची पाककृती ठरवली. अंड्याविना केलेला हलका स्पंज कापताना भुगा होतो, कारण अंड्यातील प्रथिनांमुळे येणारी पकड त्यात नसते. दही, दुधाची पावडर आणि वितळवलेले चॉकलेट घालून केलेला घट्ट, ओलसर पोताचा केक मात्र एक रात्र थंड केल्यावर सुरीने स्वच्छ कापला जातो आणि कडा धरून ठेवतो. तोच घ्यायचा.

मधल्या थरासाठी व्हिप्ड क्रीम आणि गनाश यांची तुलना केली. प्रत्येकाचा दोन मजल्यांचा नमुना रॉडशिवाय पाटावर रचला आणि ४५ सेंटिमीटरच्या पाटाची एक कड १२ सेंटिमीटर उचलून तो तसाच कलता ठेवला. हा कल सुमारे १५ अंशांचा होतो आणि त्या कलात केकवर येणारा आडवा ओढा गाडीने नेहमीसारखा, पण जरा जोराचा ब्रेक लावल्यावर येणाऱ्या ओढ्याइतका, म्हणजे वजनाच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त असतो. घरच्या घरी प्रवासाची परीक्षा घेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. क्रीमच्या नमुन्यात वरचा थर हळूहळू उतरत गेला आणि क्रीम कडेने बाहेर आले. गनाशच्या नमुन्यात थर जागेवरून हलले नाहीत, पण वरचा मजला टेकूंसकट किंचित कलला, आणि समांतरभुज चौकोनाचा मुद्दा प्रत्यक्ष समोर दिसला.

त्यामुळे सर्व थरांमध्ये गनाशच राहील. आतल्या थरांसाठी वजनाने दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम, बाहेरच्या लेपासाठी अडीच भाग चॉकलेट. थराची जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. यजमानांनी "मधे भरपूर सारण असू द्या" असे सुचवले होते. त्यांना फोन करून कारण समजावून सांगितले आणि केकचा तुकडा देताना सोबत वाटीत वेगळा चॉकलेट सॉस ठेवण्याचे ठरले.

४ नोव्हेंबर

दिवाळीच्या धामधुमीत सांगाड्याचे काम थांबले होते, पण दिवे ठेवण्याचे हात त्याआधीच करून सुकत ठेवले होते. फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर (फॉन्डंट टणक वाळावे म्हणून घालायची भुकटी) मळून ते केले आहेत. ते आता टणटणीत वाळले आहेत. फॉन्डंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका असल्याची खात्री आधी करून घेतली, कारण काही मिठाई-सजावटीच्या पदार्थांत जिलेटिन असते.

हातांचा विचार वेगळा करावा लागला. बाहेर आलेला प्रत्येक हात ही एक छोटी तरफच आहे. टोकाशी थोडेसे वजन असले तरी मुळाशी तो गनाश आणि केक उचकटू पाहतो. म्हणून हात पाच सेंटिमीटरपेक्षा लांब केले नाहीत, त्यांवरच्या पणत्या पोकळ ठेवल्या आणि प्रत्येक हाताच्या मुळात लॉलिपॉपची कागदी काडी अशी बसवली की ती खांबात शिरताना आतल्या बाजूला खाली उतरती जाईल. उतरती काडी हाताच्या वजनाने बाहेर निसटत नाही. खऱ्या वाती लावायच्या नाहीत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. ज्योती पिवळ्या-केशरी साखरेच्या आहेत.

शिखराचे २० सेंटिमीटर केकचे करायचे नाहीत. त्या उंचीवरचा प्रत्येक ग्रॅम रॉडला सर्वांत लांबून वाकवतो. अशा भागांसाठी मार्शमॅलोत घोळवलेले फुलवलेले तांदूळ वापरण्याची पद्धत आहे, परंतु मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असते. त्याऐवजी कोरडे भाजलेले मुरमुरे वितळवलेल्या कंपाउंड चॉकलेटमध्ये घोळवून साच्यात दाबून भरले. गुळाचा पाक मुद्दाम टाळला, कारण तो हवेतील ओलावा ओढतो आणि दोन दिवसांत मुरमुरे मऊ पडतात. शिखर अर्ध्या किलोच्या आत बसले आणि हातात धरून आपटले तरी तडकत नाही.

११ नोव्हेंबर

सर्व केक भाजून झाले. गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले.

१२ नोव्हेंबर

थर जोडून प्रत्येक मजला वेगवेगळा रचला: खांबाचे चार मजले, प्रत्येक सव्वाअकरा सेंटिमीटरचा, आणि चौथरा. रचल्यावर प्रत्येकावर बटर पेपर आणि त्यावर घरातली एक फरशी ठेवून रात्रभर तसेच सोडले. केक आपोआप थोडा बसतोच. तो फॉन्डंट लावल्यानंतर बसला तर कडेला फुगवटा येतो, म्हणून त्याला आधीच बसू द्यावे. सकाळी पाहता चौथऱ्याची उंची काही मिलिमीटरने कमी झाली होती आणि तेवढी भर वरून गनाशने घातली.

१३ नोव्हेंबर

आजचा दिवस उभारणीचा. थंडगार मजले सुरीने उतरते कापून घेतले. प्रत्येक मजल्यासाठी कागदाचे दोन गोल, खालच्या आणि वरच्या व्यासाचे, टाचणीने लावले होते. सुरी दोन्ही गोलांच्या कडांना टेकवत फिरवली की उतार सगळीकडे सारखा येतो.

टेकू म्हणून जाड स्ट्रॉ वापरले. लाकडी काड्यांपेक्षा ते केकमध्ये कमी जागा दुखावतात, कारण केकचा गाभा स्ट्रॉच्या पोकळीत शिरतो, बाजूला ढकलला जात नाही. पहिला स्ट्रॉ मजल्याच्या सर्वांत उंच जागी खोचून त्यावर खूण केली आणि त्या मजल्याचे बाकीचे सगळे त्याच्याच मापाने कापले. प्रत्येक स्ट्रॉ आपापल्या जागेच्या उंचीएवढा कापला, तर केकचा उंचसखलपणा जसाच्या तसा वरच्या तबकडीत उतरतो. चौथऱ्यात आठ, पहिल्या मजल्यात सहा, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी चार.

दुसऱ्या मजल्यात एकही टेकू नाही आणि या सांगाड्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. दुसरा मजला रॉडवरून उतरवल्यावर नळी तिथेच संपवली, रॉडवर नट फिरवत बरोबर साडेबत्तीस सेंटिमीटर उंचीवर आणला, त्यावर ५० मिलिमीटरचा वॉशर, मग तिसरी तबकडी, पुन्हा वॉशर आणि वरून दुसरा नट आवळला. ही तबकडी आता रॉडलाच जखडली आहे. तिच्यावरचे सुमारे साडेतीन किलो वजन नटातून रॉडमध्ये आणि रॉडमधून थेट पाटात जाते. खालच्या दोन मजल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. चौथऱ्याच्या वाट्याला त्यामुळे केवळ दोन मजल्यांचे वजन उरले. एवढ्या उंचीसाठी मधे एक तरी मजला असा रॉडला बांधलेला असावा, असे माझे ठाम मत आहे.

पाट पाणसळीने समतल करून शेंड्यापासून ओळंबा सोडला. ५५ सेंटिमीटर उंचीत दोन दिशांनी पाहता दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरक आला. मग बाहेरचे गनाश दोन हातांत लावले. पहिला पातळ हात घट्ट झाल्यावरच दुसरा.

१४ नोव्हेंबर

फॉन्डंट एकसंध पांघरायचे नाही, हे आधीच ठरले होते. उंच आणि निमुळत्या खांबावर मोठा तुकडा टाकला की तो स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, वर पातळ होतो आणि बुडाशी चुण्या साचतात. करड्या-काळ्या रंगाच्या रुंद पट्ट्या कापून त्या एकावर एक गुंडाळल्या आणि पट्ट्यांचे सांधे म्हणजेच दगडांचे थर असे दाखवले. बेसॉल्टचा खरखरीतपणा आणण्यासाठी चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पृष्ठभागावर दाबला. टाकीचे घाव उमटल्यासारखे दिसतात. मजल्यांच्या सीमेवर मुद्दाम सांधा ठेवला, म्हणजे उद्या कापताना सुरी तिथे सहज शिरेल.

फॉन्डंट लावल्यावर केक फ्रिजमध्ये ठेवला नाही. थंड केक बाहेर काढला की त्यावर दव धरते आणि फॉन्डंट चिकट होऊन ओघळते. एसी लावलेल्या खोलीत रात्र काढायची.

संध्याकाळी रबरी जाळीच्या चटईवर पाट ठेवून पुन्हा १५ अंशांची परीक्षा घेतली, चारही बाजूंनी. सांध्यांवर केसाएवढीही चीर दिसली नाही. चटईवरून पाटही घसरला नाही.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा

गाडीच्या मागच्या भागातला पार्सल ट्रे काढला आणि तळ सपाट असल्याची पाणसळीने खात्री केली. मागच्या सीटवर किंवा कोणाच्या मांडीवर असा केक कधीही नेऊ नये. सीट मागे उतरती असते आणि मांडी हलते. चटई, त्यावर केकचे खोके, खोक्याच्या चारही बाजूंना पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या. शिखर आणि हात वेगळ्या डब्यांत. निघण्यापूर्वी अर्धा तास एसी चालू ठेवून गाडी थंड करून घेतली.

चालकदादांना एकच विनंती केली होती की पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. १५ अंशांची परीक्षा नेहमीच्या ब्रेकपुरती आहे. करकचून लावलेल्या ब्रेकमध्ये ओढा वजनाच्या दोन तृतीयांशाच्याही पुढे जाऊ शकतो आणि तेवढ्याची हमी मी देऊ शकत नाही. खंबाटकीच्या चढावर आणि वळणांवर वेग कमी ठेवला. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर एकदा थांबून खोके उघडून पाहिले. गावातल्या आतल्या रस्त्यावरचे गतिरोधकच अधिक त्रासाचे ठरले, कारण उभा धक्का टेकूंवर येतो. तिथे माणूस चालेल त्या वेगाने गेलो.

मांडवात टेबल आधी पाणसळीने पाहिले. जमीन एका बाजूला उतरती होती. टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून ते समतल केले आणि मगच दोघांनी मिळून पाट उचलून ठेवला. शिखर रॉडच्या उरलेल्या टोकावर बसवून गनाशने सांधले. हात सर्वांत शेवटी लावले, समोरासमोरच्या जोडीने, जेणेकरून एका बाजूला भार पडू नये. ओळंबा पुन्हा सोडला. पुण्यात आला होता तेवढाच फरक इथेही आला. आजोबांनी केकभोवती फेरी मारून आमच्या दीपमाळेला एवढेच हात आहेत का, असे विचारत सगळे हात मोजले आणि संख्या जुळल्यावर समाधानाने मान हलवली. ती संख्या त्यांच्या नातवाने देवळापुढे उभे राहून मोजून कळवली होती.

केक वाटण्याचे काम घरच्या सुनांकडे होते. त्यांना उभारणीच्या उलट क्रमाने उतरवून दाखवले: आधी हात आणि शिखर, मग चौथा आणि तिसरा मजला वर उचलायचा, मग १९ नंबरच्या पान्याने वरचा नट सैल करून जखडलेली तबकडी काढायची, खालचा नटही फिरवून काढायचा आणि त्यानंतर उरलेले मजले. खोक्यावर यादी चिकटवली होती: २२ स्ट्रॉ, प्रत्येक हाताला एक कागदी काडी, पाच तबकड्या, एक रॉड, चार नट, चार वॉशर. लहान मुलांच्या ताटात काडी जाऊ नये यासाठी काढलेली प्रत्येक वस्तू यादीशी ताडून एका परातीत ठेवली. सगळे जुळले.

चौथऱ्याचा तुकडा कापल्यावर आतले थर मुद्दाम पट्टी लावून पाहिले. टेकूंजवळ आणि टेकूंपासून लांब थरांची जाडी सारखीच होती, म्हणजे वरचे वजन केकवर आलेच नव्हते. पहिल्या मजल्यात रॉडच्या नळीभोवतीचे भोक मात्र प्रवासाच्या दिशेने दीडेक मिलिमीटर लांबट झाले होते. पुढच्या वेळी पहिली तबकडीही नटांनी रॉडला जखडावी आणि सिलिकॉनऐवजी थोडी कडक नळी शोधावी, असे ठरवले आहे.